गणितज्ञांच्या प्रेमकथा: ऐकीव किती, खरं किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी शाळेत गणित शिकवते. वर्गसमीकरणांवर मुलं जेवढे प्रश्न विचारतात, त्याहून जास्त गणितज्ञांच्या लग्नांवर विचारतात. लीलावतीचं लग्न मोडलं हे खरं का? प्रेमापायी गोळी खाऊन मेलेला तो फ्रेंच मुलगा कोण? नोबेलची बायको कुणी पळवली? पालकसभेतही हेच, स्टाफरूममध्येही हेच. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. एक आधीच सांगते. या दंतकथांचा मला राग येतो तो त्या खोट्या आहेत म्हणून कमी, आणि त्यांनी खऱ्या माणसांना, विशेषतः खऱ्या बायकांना पुसून टाकलं म्हणून जास्त.

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी होती आणि मोती पडल्यामुळे तिचं लग्न हुकलं, हे खरं का?

गोष्ट अशी सांगतात. लीलावतीच्या पत्रिकेत संसारसुख नव्हतं. भास्कराचार्यांनी गणित मांडून एकच मुहूर्त काढला. तेवढा साधला तर सगळं निभावणार होतं. घंगाळात पाणी भरलं आणि बुडाला बारीक भोक असलेलं घटिकापात्र त्यावर सोडलं. पाणी आत शिरत शिरत वाटी बुडाली की मुहूर्ताची वेळ झाली. नवरीच्या वेषातली लीलावती कुतूहलानं वाकून बघायला गेली, अंगावरच्या दागिन्यातला एक मोती निसटून वाटीत पडला आणि भोक बुजलं. सगळे वाट बघत बसले, वाटी काही बुडेना. लक्षात आलं तोवर मुहूर्त टळून गेला होता. मग वडील म्हणाले, तुझ्या नावानं असा ग्रंथ लिहितो की तो चिरकाल राहील.

आपल्याला ही गोष्ट इतकी पटते, कारण घटिकापात्र आपल्या घरातलं आहे. २४ मिनिटांची ती घटका, वाटीकडे लागलेले डोळे, 'घटका भरली' हा शब्दप्रयोग, सगळं ओळखीचं. पण ही कथा लेखी स्वरूपात येते ती फैजीच्या प्रस्तावनेत. फैजी हा अकबराच्या दरबारातला कवी. त्यानं १५८७ मध्ये 'लीलावती'चं फारसी भाषांतर केलं. मूळ ग्रंथ पुरा झाला ११५० मध्ये. मध्ये तब्बल ४३७ वर्षं गेली. भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल मोजकं पण स्पष्ट सांगून ठेवलं आहे: जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा, वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' रचला ('लीलावती' हा त्याचाच एक भाग), वडील महेश्वर हेच गुरू. मुलीच्या मोडलेल्या लग्नाचं मात्र कुठे नाव नाही.

पण ग्रंथात 'बाले लीलावति' अशी थेट हाक आहे ना?

आहे, आणि फार गोड आहे. बेरीज-वजाबाकीच्या पहिल्याच उदाहरणात आचार्य म्हणतात, 'अये बाले लीलावति मतिमति ब्रूहि सहितान्'. अगं बुद्धिमती लीलावती, सांग बरं या संख्यांची बेरीज: २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १००. आलेलं उत्तर दहा हजारांतून वजा केलं तर किती, तेही सांग. सहावीच्या वर्गात मी हे फळ्यावर लिहिते. बेरीज ३६०, वजाबाकी ९६४०. नऊशे वर्षांपूर्वीचं गणित आपल्याला सुटलं याचा आनंद मुलांच्या तोंडावर दिसतो.

पण सगळा ग्रंथ वाचला की हाका बदलत जातात. वर्गांच्या उदाहरणात 'सखे' येतं: ९, १४ आणि २९७ यांचे वर्ग सांग. भुंग्यांच्या प्रसिद्ध उदाहरणात एकाच श्लोकात 'मृगाक्षि' आणि 'कान्ते' अशा दोन हाका आहेत. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलिंध्राच्या फुलांवर, या दोन हिश्शांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर. उरला एक. त्याला केतकी आणि मालती या दोघींच्या सुवासाचं बोलावणं एकाच वेळी आलं, म्हणून बिचारा आकाशात इकडून तिकडे घिरट्या घालतो आहे. तर कान्ते, भुंगे एकूण किती? उत्तर १५: तीन, पाच, सहा आणि तो एकटा.

पोटच्या मुलीला कुणी 'कान्ते' म्हणत नाही. म्हणून लीलावती म्हणजे पत्नी, असं म्हणणारेही आहेत. माझं मत वेगळं आहे. ग्रंथाच्या शेवटच्या श्लोकात आचार्यांनी श्लेष केला आहे: ही लीलावती ज्यांच्या कंठी लागली त्यांचं सुख वाढतच जातं. कंठी लागणं म्हणजे गळ्यात पडणं, आणि कंठी लागणं म्हणजे पाठ होणं. 'लीलावती' या शब्दाचा अर्थच मुळी विलासिनी, लीला करणारी. ग्रंथालाच त्यांनी रूपवती स्त्रीचं रूप दिलं आणि कोरड्या अंकगणितात रस आणला, असं मला वाटतं. हे कवीचं काम आहे, आणि ते लग्न मोडलेल्या मुलीची समजूत घालण्याच्या कथेपेक्षा कितीतरी मोठं आहे.

भास्कराचार्यांच्या घराण्याचा काही ठोस पुरावा आहे का?

आहे, आणि तो आपल्या जळगाव जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भवानीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. शके ११२८ चा उल्लेख असलेला हा लेख भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा आहे. (आळंदीच्या ज्ञानदेवांना भेटलेले चांगदेव वेगळे, हा प्रश्नही हमखास येतो.) त्यात घराण्याची वंशावळ दिली आहे: त्रिविक्रमापासून महेश्वरापर्यंत, मग भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी.

मठ कशासाठी? तर आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग संस्कृत सोडून चक्क जुन्या मराठीत उतरतो. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातलं काय काय मठाला द्यायचं, ते तिथे लिहिलं आहे. कारण ते बाजारातल्या माणसाला समजायला हवं होतं. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं. एका नातवानं आजोबांचं गणित मरू नये म्हणून शाळा काढली, आणि गावच्या बाजारानं ती पोसली! प्रेमकथाच हवी असेल तर ही सांगा.

या वंशावळीत लीलावती नाही. पण त्यावरून मुलगी नव्हतीच असं ठरत नाही, कारण वंशावळ बाप-मुलगा अशीच उतरत येते. त्या घरातली एकही बाई तिच्यात नाही.

मग मोत्याची गोष्ट मुलांना सांगूच नये का?

जरूर सांगा, पण 'फैजीनं अशी गोष्ट सांगितली आहे' असं म्हणून सांगा. आणि सांगून झाली की भुंग्यांचं गणित घाला.

एव्हारिस्त गाल्वानं मरणाच्या आदल्या रात्रीत आपलं सगळं गणित लिहून काढलं, हे खरं का?

नाही. गोळी खाऊन मेलेला तो फ्रेंच मुलगा म्हणजेच हा गाल्वा; तो द्वंद्वात गेला. ही दंतकथा जगभर पसरली ती मुख्यतः एरिक टेम्पल बेल यांनी १९३७ मध्ये लिहिलेल्या गणितज्ञांच्या चरित्रांमुळे. त्यात २० वर्षांचा मुलगा पहाटेच्या आत सगळा सिद्धांत कागदावर उतरवण्यासाठी झपाटल्यासारखा लिहितो आहे आणि समासात पुन्हा पुन्हा 'मला वेळ नाही, मला वेळ नाही' असं खरडतो आहे.

खरा हिशोब असा. गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ चा. वर्गसमीकरणाला जसं सूत्र असतं तसं पाचव्या घाताच्या समीकरणाला सर्वसाधारण सूत्र नसतं, हे नॉर्वेच्या आबेलनं दाखवलं होतं. कुठलं समीकरण सुटतं आणि कुठलं नाही हे ओळखायचं कसं, ते गाल्वानं सांगितलं. या विषयावरचा पहिला निबंध त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला १८२९ मध्येच दिला होता. दुसरा १८३० मध्ये दिला; तो अकादमीतल्या फूरिए या गणितज्ञाकडे होता आणि फूरिए वारल्यावर गहाळ झाला. तिसरा जानेवारी १८३१ चा. तो अकादमीतल्याच प्वासों या गणितज्ञानं जुलैमध्ये परत पाठवला, मांडणी पुरेशी स्पष्ट नाही म्हणून. तेव्हा द्वंद्वाच्या आधी तीन वर्षं हे काम चालू होतं, आणि त्याचे काही लेख छापूनही आले होते.

२९ मे १८३२ च्या रात्री त्यानं काय केलं? जुन्या निबंधावर दुरुस्त्या केल्या आणि ऑग्युस्त शेवालिए या मित्राला एक लांब पत्र लिहिलं. त्यात आपल्या शोधांचा आढावा घेतला, आणि याकोबी किंवा गाऊस या बड्या जर्मन गणितज्ञांना जाहीरपणे मत विचार अशी विनंती केली. हे निष्कर्ष खरे आहेत का, असं विचारू नकोस. ते महत्त्वाचे आहेत का, असं विचार, हे त्याचं सांगणं. 'मला वेळ नाही' हे शब्द खरे आहेत. एका सिद्धतेत थोडी भर घालायला हवी होती, तिच्याशेजारी ती नोंद आहे. २० वर्षांच्या मुलाच्या हातची ती एक ओळ वाचून पोटात कालवतं. तिची झपाटलेली रात्र करण्याची काहीच गरज नव्हती.

कोशीनं त्याचा निबंध हरवला किंवा फेकून दिला ना?

कोशी हा अकादमीतला नामवंत फ्रेंच गणितज्ञ. हेही वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आणि तो खलनायक ठरला. पण जानेवारी १८३० मधलं कोशीचं एक पत्र पुढे अकादमीच्या कागदांत सापडलं. तो त्या बैठकीत गाल्वाच्या कामाबद्दल बोलणार होता, आजारपणामुळे येऊ शकला नाही. कामाची किंमत त्याला कळली होती.

द्वंद्व प्रेमापायी झालं की राजकारणापायी?

गाल्वा कट्टर प्रजासत्ताकवादी होता. वडील गावचे महापौर. १८२९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्याच उन्हाळ्यात तो एकोल पॉलिटेक्निक या पॅरिसच्या नामवंत शिक्षणसंस्थेच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. पुढे एका मेजवानीत हातात खंजीर धरून राजाच्या नावानं पेला उंचावला म्हणून पकडला गेला आणि सुटला. मग १४ जुलै १८३१ ला बंदी घातलेल्या तोफखान्याचा गणवेश घालून फिरताना पुन्हा पकडला गेला. यावरून कुणी म्हणतं पोलिसांनीच त्याला संपवला. पण शेवटच्या रात्रीच्या पत्रात तो स्वतः लिहितो की मला दोन देशभक्तांनी आव्हान दिलं आहे. म्हणजे समोर आपलेच लोक होते. आणि दुसऱ्या पत्रात एका नखरेल बाईपायी आपण मरतो आहोत, असं तो म्हणतो.

गोळी ३० मे ला सकाळी पोटात लागली. दुसऱ्या दिवशी कोशँ रुग्णालयात तो गेला. धाकटा भाऊ आल्फ्रेड उशाशी रडत होता. 'रडू नकोस,' गाल्वा त्याला म्हणाला, 'विसाव्या वर्षी मरायला मला माझं सगळं धैर्य लागणार आहे.' याच आल्फ्रेडनं शेवालिएबरोबर त्याचे कागद जपले, नकला करून मोठ्या गणितज्ञांकडे पाठवल्या, आणि १८४६ मध्ये लिऊव्हिल या गणितज्ञानं ते छापले. दंतकथेत आल्फ्रेडच्या वाट्याला फक्त रडणं आलं आहे.

ती बाई कोण होती? खरंच तिनं त्याला फसवलं?

तिचं नाव स्तेफानी पोतेरँ द्यु मोतेल. पॅरिसमध्ये पटकीची साथ आली तेव्हा १८३२ च्या मार्चमध्ये गाल्वाला तुरुंगातून एका आरोग्यगृहात हलवलं होतं. तिथल्या डॉक्टरची ही मुलगी. शंभराहून अधिक वर्षं ती फक्त 'ती नखरेल बाई' होती. नाव निश्चित झालं १९६८ मध्ये. तिच्या दोन पत्रांचे तुकडे उरले आहेत, तेही गाल्वानं स्वतःच एका कागदाच्या मागे उतरवून घेतलेले, मधले शब्द गाळलेले. त्यांतला सूर काय आहे? हे प्रकरण इथेच थांबवू या. असा पत्रव्यवहार चालवणं मला जमणार नाही. पूर्वीसारखं मोकळेपणानं बोलत राहू.

एवढंच. एका तरुण मुलीनं सभ्य शब्दांत नाही म्हटलं, आणि ते नाही म्हणणं इतिहासात दगाबाजी म्हणून नोंदलं गेलं. नववी-दहावीच्या वर्गात, मुलं-मुली दोघंही समोर बसलेली असताना, मी हा भाग कधीच गाळत नाही.

नोबेलच्या बायकोचं एका गणितज्ञाशी सूत जुळलं, म्हणून गणिताला नोबेल नाही?

आल्फ्रेड नोबेल यांनी लग्नच केलं नव्हतं. तो गणितज्ञ म्हणून स्वीडनच्या मित्ताग-लेफ्लर यांचं नाव घेतात. नोबेल स्वीडन सोडून गेले तेव्हा मित्ताग-लेफ्लर विद्यार्थी होते. २७ नोव्हेंबर १८९५ च्या मृत्युपत्रात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक, साहित्य आणि शांतता हे पाच विषय आहेत. मानवजातीला थेट उपयोग व्हावा ही त्यांची अट होती, आणि गणित त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं. याच मित्ताग-लेफ्लर यांनी १९०३ मध्ये पिएर क्युरींना कळवलं होतं की पुरस्कारासाठी मारी क्युरींचं नाव मागे पडतं आहे. तेवढं लक्षात ठेवावं.

सोफिया कोवालेव्स्काया यांचं लग्न खोटं होतं म्हणतात.

सोफिया ही रशियन गणितज्ञ. तिचं लग्न सुरुवातीला खोटं होतं, आणि ते लपवण्यासारखं काही नाही. रशियात बायकांना विद्यापीठं बंद होती आणि परदेशी जायचं तर वडिलांची किंवा नवऱ्याची परवानगी लागे. म्हणून १८६८ मध्ये सोफियानं व्लादिमीर कोवालेव्स्की या तरुणाशी नावापुरतं लग्न केलं. बर्लिनमध्ये वायरस्ट्रास या गणितज्ञांनी तिला चार वर्षं घरी शिकवलं, कारण तिथल्या विद्यापीठातही तिला बसू देत नव्हते. १८७४ मध्ये ग्योटिंगेननं डॉक्टरेट दिली. वायरस्ट्रास आणि तिच्याबद्दलही कुजबुज झाली. बाई हुशार निघाली की गुरूवर संशय घ्यायची खोड जुनीच आहे.

कागदावरचं ते लग्न पुढे खरं झालं. १८७८ मध्ये मुलगी झाली. मग धंद्यात बुडून व्लादिमीरनं १८८३ मध्ये जीव दिला. सोफिया सावरली, स्टॉकहोमला शिकवू लागली, १८८९ मध्ये तिथे पूर्णवेळ प्राध्यापक झाली आणि १८९१ मध्ये अवघ्या ४१ व्या वर्षी गेली. लहानपणी तिच्या खोलीच्या भिंतींना कागद कमी पडला म्हणून कलनशास्त्राच्या व्याख्यानांचे छापील कागद चिकटवले होते, ही गोष्ट मात्र तिनं स्वतःच आठवणींत लिहिली आहे.

बायको मरणपंथाला लागली असता गाऊस म्हणाला, 'तिला जरा थांबायला सांगा, गणित सुटतच आलंय'?

हा विनोद म्हणून सांगितला जातो आणि मला तो मुळीच आवडत नाही. योहाना ओस्टहोफ या मुलीला गाऊसनं १८०४ मध्ये पत्रानं मागणी घातली, १८०५ मध्ये लग्न झालं. ११ ऑक्टोबर १८०९ ला, तिसऱ्या बाळंतपणानंतर महिन्याभरात, ती गेली. दुसऱ्या दिवशी गाऊसनं ओल्बर्स या मित्राला लिहिलं: ज्या डोळ्यांत पाच वर्षं मला स्वर्ग दिसला ते डोळे मी काल रात्री आठ वाजता मिटले. काही महिन्यांत ते बाळही गेलं. योहानासाठी त्यानं स्वतःपुरता लिहिलेला विलाप त्याच्या कागदांत राहून गेला होता.

शाळकरी गाऊसनं १ ते १०० ची बेरीज चुटकीसरशी केली, ती गोष्टही याच ओघात विचारतात. त्याच्या मित्रानं १८५६ मध्ये लिहिलेल्या आठवणीत शाळेतला तो प्रसंग आहे, पण १ ते १०० हे आकडे नाहीत. ते नंतर आले.

रामानुजन यांची टॅक्सीची गोष्ट तरी खरी आहे का?

खरी. ती रामानुजन यांना इंग्लंडला बोलावणारे गणितज्ञ हार्डी यांनीच लिहून ठेवली. आपल्या टॅक्सीचा १७२९ हा नंबर नीरस वाटला, असं ते म्हणाले आणि आजारी रामानुजन यांनी लगेच सांगितलं की दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या: १ आणि १२ यांचे घन, ९ आणि १० यांचे घन. या संख्येशी त्यांची ओळख मात्र जुनी होती. ती त्यांच्या आधीच्या वह्यांत आहे.

आणि रामानुजन-जानकी यांची प्रेमकथा?

पडद्यावर आणि कादंबऱ्यांत जानकी तरुण नायिका असते. प्रत्यक्षात १९०९ मध्ये लग्न झालं तेव्हा रामानुजन २१ वर्षांचे होते आणि ती १० वर्षांची. १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. त्यांना लिहिलेली पत्रं सासूबाई मध्येच काढून घेत, असं तिनं पुढे सांगितलं. २७ मार्च १९१९ ला ते मुंबई बंदरात उतरले, घ्यायला आई आली होती, जानकी नव्हती. त्यांनी तिची चौकशी केली. त्यानंतर दोघांना मिळालं ते एक वर्ष आणि एक महिना. २६ एप्रिल १९२० ला मद्रासमध्ये ते गेले. ते फक्त ३२ वर्षांचे होते.

त्या वर्षात अंथरुणावर पडल्या पडल्या ते लिहीत राहिले आणि जानकी त्यांची शुश्रूषा करत राहिली. तेव्हाच्या कामाचे कागद १९७६ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडले आणि 'हरवलेली वही' म्हणून गाजले.

जानकी विधवा झाली तेव्हा जेमतेम विशीत होती. काही वर्षं ती भावाकडे आपल्या मुंबईत राहिली, तिथे शिवणकाम शिकली. मग मद्रासला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिवणावर पोट भरलं, एका मुलाला सांभाळून मोठं केलं. १९८० नंतर तिनं जाहीरपणे विचारलं, नवऱ्याचा पुतळा उभारू म्हणाला होतात, तो कुठे आहे? ते वाचून रिचर्ड आस्की या अमेरिकन गणितज्ञानं जगभरच्या गणितज्ञांकडून पैसे गोळा केले आणि अर्धपुतळा करवून तिच्याकडे पोचवला. ती १९९४ पर्यंत होती.

म्हातारपणी तिनं त्या शेवटच्या महिन्यांची आठवण सांगितली आहे. वेळच्या वेळी भात, लिंबाचं सरबत, ताक द्यायचं. छाती आणि पाय दुखू लागले की शेक द्यायचा. हे करायला मिळालं हेच माझं भाग्य, असं ती म्हणते. शेकासाठी पाणी तापवायची दोन भांडी तेवढी तिनं अजून जवळ ठेवली होती.